शिध्यात गेलेले देव

माझा देवावर फार विश्वास आहे, असं मी आयुष्यभर सांगत आले. ह्यांच्या बायपासनंतरच्या आठ महिन्यांत मात्र मला माझीच शंका यायला लागली. हे झोपले की छाती हलते आहे ना, हे मी बघत बसायची. जिना चढू लागले की मागून पायऱ्या मोजायची. न्हाणीघरात जरा जास्त वेळ लागला की दारावर थाप. "अगं, जिवंत हाय मी," असं आतून ओरडायचे आणि मी उलट त्यांच्यावरच चिडायची. पूजेला बसले तरी तोंडाने स्तोत्र चालू आणि कान ह्यांच्या खोकल्याकडे. ज्याच्या हाती सगळं सोपवलं म्हणायचं, त्याच्यावर एक मिनिटही सोडायला माझी तयारी नव्हती.

आमचं घर नाशिकच्या कडेला, मखमलाबादच्या बाजूला. गुलाब आणि झेंडूची शेती. फुलांना रविवार नसतो. पहाटे तोडायची आणि उजाडताना बाजारात पोचवायची. त्यामुळे लग्नाला तेहतीस वर्षं झाली तरी दोघं मिळून हिंडायला म्हणून कुठे गेलो नव्हतो. मुलगा नोकरीला परगावी. ह्यांच्या आजारपणात मळा वाट्याने दिला आणि पहिल्यांदाच आमच्या सकाळी रिकाम्या झाल्या. डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही म्हटलं, त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवरच ह्यांनी जाहीर केलं, "आता चार दिवस डोंगर बघत हिंडायचं. घाई नाय, गडबड नाय. चहा जिथं चांगला दिसंल तिथं थांबायचं." वणीचा गड, मग कळवण, देवळा, सटाणा आणि शेवटी मुल्हेर, असा बेत ठरला. लहानपणी शाळेच्या सहलीत मुल्हेरचा किल्ला बघायचा ह्यांचा राहून गेला होता, ते दुखणं पन्नास वर्षं जपून ठेवलेलं.

माझ्यापुढे प्रश्न होता देवांचा. आमच्या देव्हाऱ्यात पाच टाक आहेत, चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकलेले, अंगठ्याच्या नखाहून थोडे मोठे. देवी, घोड्यावरचा खंडोबा, भैरव, म्हसोबा आणि घराण्याचा वीर. चार पिढ्यांच्या हातांनी घासून घासून त्यांची नाकं-डोळे पुसट झाले आहेत. सासूबाईंनी जाण्याआधी ते माझ्या ओंजळीत ठेवले आणि एवढंच म्हणाल्या, "यांना उपाशी ठिवू नको." गावाला जाताना देव तांदळात ठेवायची आमच्याकडे रीत आहे. तांदूळ असले की देव उपाशी राहत नाहीत. सगळे तो डबा देव्हाऱ्यात ठेवून कुलूप लावतात. मला ते धीराचं काम जमेना. घाटाचा रस्ता, ह्यांच्या हातात गाडी, आणि देव कुलपात? मी टाक तांदळाच्या डब्यात ठेवले आणि डबा गाडीच्या डिकीत ठेवला. ह्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, "देवाला बी पट्टा बांधू का शीटचा?"

त्याच वेळी आणखी एक डबा भरला होता. ऑपरेशनच्या दिवशी मी बोलले होते की हे घरी आले तर देवीच्या एखाद्या अन्नछत्रात शिधा देईन. तांदूळ त्याच पोत्यातले आणि डबेही जोडीचेच, एकसारखे. आता वाचणाऱ्याच्या लक्षात पुढचं सगळं आलंच असेल. माझ्या मात्र आलं नाही.

पहिला दिवस गडावर छान गेला. देवीपुढे उभं राहिल्यावर हे हात जोडून उभे आणि मी ह्यांच्याकडे बघत उभी. तिथेच मुक्काम केला. सकाळी हे डॉक्टरांनी सांगितलेली चाळीस मिनिटं चालायला गेले, तेवढ्यात मी डबा खोलीत आणून टाकांची पूजा उरकली, पुन्हा तांदळात ठेवले, डबा डिकीत. सगळा लपवाछपवीचा प्रकार. मग उतरून कळवणमार्गे निघालो. मार्गशीर्षाची थंडी होती. दोन्ही बाजूला कांद्याची लागण चालली होती, वाफ्यांत बायका ओळीने वाकलेल्या. हे प्रत्येक डोंगराचं नाव विचारायला गाडी थांबवायचे आणि सांगणारा प्रत्येक माणूस वेगळं नाव सांगायचा. देवळ्याला ह्यांनी मिसळीच्या हॉटेलसमोर गाडी इतकी हळू केली की मागचा ट्रॅक्टर ओलांडून गेला. मी नुसतं बघितलं. "वास घेतो फक्त," म्हणाले.

सटाण्याच्या पुढे, मुल्हेरच्या अलीकडे नदीकाठच्या एका गावात देवीचं जुनं देऊळ लागलं. गावाचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडायचं नाही. देवळामागे पत्र्याच्या शेडमध्ये अन्नछत्र होतं, वाटसरूंना रोज दुपारी जेवण. माझे गुडघे दुखत होते, म्हणून मी देवीपुढेच बसले आणि ह्यांना म्हटलं, "डिकीतला तांदळाचा डबा तेवढा देऊन या." माझ्या लेखी डिकीत तांदळाचा डबा एकच होता. दुसरा देवांचा होता. हे गेले आणि हात हलवत परत आले. म्हणाले, "डबा परतताना घ्यायचा. तिथल्या स्वयंपाकाच्या मावशी रिकामा डबा देत नाहीत." मी मान डोलावली. आमच्याकडेही शेजारणीचं भांडं कुणी रिकामं पाठवत नाही.

मुल्हेरला ओळखीच्या एका मळ्यात उतरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी हे फिरायला गेल्यावर मी आंघोळ करून डबा उघडला आणि तांदळात हात घातला. हाताला काही लागलं नाही. खाली घातला, तळापर्यंत. मग सगळा डबा ताटात पालथा केला. नुसते तांदूळ. आदल्या दुपारची पंगत केव्हाच उठून गेली होती. पातळ पत्र्याचे ते टाक कुठल्या पातेल्यात गेले, कुणाच्या पानात आले, खरकट्यात पडले की काय, काही काही सुचेना. चार पिढ्यांनी सांभाळलेले देव मी शिध्यात घातले होते. आणि त्याहून वाईट विचार लगेच पाठोपाठ आला, तो लिहायला लाज वाटते. मला वाटलं, देव गेले, आता हेही जाणार.

ह्यांना सांगायची हिंमत झाली नाही. हे परत आले ते लहान मुलासारखे खुशीत. किल्ल्याच्या पायथ्याशी जुनी देवळं आहेत, तळं आहे, तिथपर्यंत सावकाश जाऊ म्हणाले. मी डोकं दुखतंय म्हणाले असते तर हे थांबले असते, पण पन्नास वर्षांचा राहिलेला किल्ला, माझी जीभ रेटेना. मी मागून चालत राहिले. समोर एवढा मोठा डोंगर उभा, दगडी कमानी, झाडीतून दिसणारे पडके बुरूज, आणि मला दिसत होती ती फक्त ह्यांची पाठ. चढणीवर हे एकाएकी थांबले आणि छातीवर हात नेला.

मी किंचाळले. माझं किंचाळणं ऐकून झाडावरची पाखरं उडाली. हे दचकून मागे वळले. हातात खिशातून काढलेला मोबाइल होता; त्यांना त्या कमानीचा फोटो काढायचा होता.

तिथेच एका दगडावर बसून मी सगळं सांगितलं. डबे, टाक, गडावरची चोरटी पूजा, सगळं. रडत रडत शेवटी तेही बोलून गेले, "आता तुम्हाला काही झालं तर?" मला वाटलं हे चिडतील, त्यांच्या आईचे देव होते. किंवा हसतील. दोन्ही झालं नाही. शेजारी येऊन बसले. मग म्हणाले, "ऑपरेशनला आत नेलं ना, तवा लय घाबरलो होतो मी. तुला बोललो नाय. टेबलाची कड घट्ट धरून ठिवली होती. भूल देणारे डॉक्टर म्हणले, काका, हात सोडा आता, आम्ही हाय. मी सोडला. तेवढंच काम होतं माझं." माझ्याकडे वळून म्हणाले, "तू अजून धरून बसलीयेस, अगं."

मला राग आला. आठ महिने ज्याच्यासाठी डोळ्यात तेल घालून जागले, त्यानेच मला हे ऐकवावं! "चल," म्हणाले, "त्या मावशीला विचारू तरी." किल्ला तसाच राहिला. ह्यांनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

मळ्यातून सामान आणि डबा घेऊन निघालो. गाडीत मी सवयीने नवस बोलायला गेले आणि थबकले. किती नवस बोलणार? एका नवसाच्या शिध्यातूनच तर हे सगळं झालं होतं. देवाशी घासाघीस करायला माझ्याकडे काही उरलंच नव्हतं. मग मनात एवढंच म्हणाले, की मला सांभाळता आलं नाही. तुमचं तुम्ही बघा, आणि ह्यांचंही तुम्हीच बघा. खूप दिवसांनी असं झालं की प्रार्थना करताना माझे कान दुसरीकडे नव्हते. देव सापडतील असं काही वाटलं नाही. पण छातीवरचं ओझं उतरलं. डाळिंबाच्या बागा, त्यांच्यावर घातलेली पांढरी कापडं, रस्त्याकडेला वाळत घातलेला मका, हे सगळं कालही तिथेच असणार, मला आज दिसलं.

अन्नछत्राच्या दारात त्या बाई मेथी निवडत बसल्या होत्या. साठीच्या असतील, कपाळ भरून कुंकू. ह्यांना बघून तिकडच्या बोलीत म्हणाल्या, "उनात का भाऊ!" म्हणजे आलात का. आम्ही काही बोलायच्या आतच त्यांनी मेथी बाजूला सारली आणि हळू आवाजात विचारलं, "भाऊ, राग नका मानू. तुम्हना घरमा देव पुजाले कोनी नही का?"

म्हणजे देव त्यांना सापडले होते. मला हुंदका आवरेना. "काबरं रडी ऱ्हायनी वं बहिन?" म्हणत त्यांनी मला धरून आत नेलं. चुलीजवळच्या भिंतीशी एक पाट होता, धुतलेलं, पांढरं फडकं अंथरलेलं. त्यावर पाचही टाक ओळीने मांडलेले, हळद-कुंकू लावलेले, पुढे झेंडूचं एक फूल.

मग त्यांनी सांगितलं ते असं. कुणाचाही शिधा आला की त्यातली पहिली मूठ त्या देवीच्या नैवेद्याला वेगळी काढतात. आमच्या डब्यात हात घातला तो मुठीत घोड्यावरचा खंडोबाच आला. मग त्यांनी सगळे तांदूळ सुपात घेऊन पाखडले आणि पाचही देव वेचले. त्या भागात ज्यांच्या घरात मागे कोणी उरत नाही, ते आपले टाक असे देवळात आणून ठेवतात. त्यांना वाटलं, आमचंही तसंच. अशा देवांना नदीत सोडायची तिथली पद्धत आहे. देवळातले म्हातारे बाबा संध्याकाळीच सोडून या म्हणाले होते. ह्या बाईंचं मन होईना. "म्हनलं, पाहुनाले जेवाबिगर कसं धाडू?" म्हणून आदल्या दुपारी देवांना नैवेद्य दाखवला. रात्रीही दाखवला. सकाळी नदीवर जायला निघाल्या, तर आजचा भात चुलीवर चढलेला होता. म्हटलं, एवढा एक घास खाऊन जाऊ देत. "पह्यले त्यास्ले निवद, मंग पंगत," त्या म्हणाल्या. मी हात जोडले तर मलाच ओरडल्या की, बहिन, तुझे देव एक वेळही उपाशी राहिले नाहीत, मग रडतेस कशाला?

सासूबाईंचे शब्द ह्या बाईंना कुणी सांगितले होते, याचा मी पुष्कळ विचार केला आणि आता करत नाही. सापडायचं म्हणून सापडलं असं कुणी म्हणालं तरी माझं भांडण नाही. मला एवढंच माहीत आहे की ज्या एका दिवसात माझी राखण सपशेल फसली, त्याच दिवसात माझ्या देवांची माझ्यापेक्षा जास्त मायेने पूजा झाली. मी त्यांना घाईघाईत, चोरून आंघोळ घातली होती. त्या परक्या बाईने पंगत थांबवून त्यांना आधी जेवू घातलं. मी नव्हते तिथे दुसरं कुणी होतं. आमच्या ह्यांच्या ऑपरेशनच्या खोलीतही मी नव्हतेच की.

शिध्याचा खरा डबा आम्ही तेव्हा दिला. देवांचा डबा त्यांनी रिकामा दिला नाहीच. खाली तांदूळ, त्यात देव आणि वर गुळाचा खडा. मग पंगतीला बसवलं. ह्यांच्या पानात तुपाची धार पडली, ती मी बघितली आणि माझा भात कालवायला लागले.

दुपारी परतीला लागलो. चांदवडच्या अलीकडचा घाट चढून आल्यावर ह्यांनी मला म्हणे दोनदा हाक मारली, तिथला जुना रंगमहाल बघायचा का म्हणून. मला काही ऐकू आलं नाही. देव मागे डिकीत होते, गाडी हे चालवत होते, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा मी ह्यांच्या शेजारी गाढ झोपले होते.