नानासाहेबांचे वेठीवरचे भाषण

नानासाहेब गेल्याची तार आली तेव्हा मी रेवदंड्याच्या माझ्या वाडीत सुपाऱ्या पाडून घेत होतो. हिरू झाडावर होता. तार वाचून मी खिशात घातली आणि त्याला म्हटले, "आता पलीकडच्या झाडावर जा." सख्ख्या बहिणीचे कुंकू पुसले गेले याचे वाईट वाटले... मेव्हण्याचे नाही वाटले. पुढे पंधरवड्याने वाचनालयात शोकसभा झाली आणि मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते मी या कानांनी ऐकले. कोणी त्यांना न्यायाचा कैवारी म्हटले, कोणी गोरगरिबांचा वाली. एका वक्त्याने डोळ्याला रुमालही लावला. संपादकांनी माझ्याकडे हृद्य आठवणी मागितल्या आहेत. हृद्य माझ्याजवळ काही नाही, आठवणी मात्र पुष्कळ आहेत.

नानासाहेब खाडीपलीकडच्या गावचे खोत. गावातले प्रत्येक कूळ आठ दिवसांतला एक दिवस त्यांच्या घरी फुकट राबे, तीच वेठ. लाकडे फोडा, गवत कापा, पाहुण्यांची पालखी वाहा. अशा माणसाला आम्ही मुंबईच्या कायदेकौन्सिलात निवडून दिले आणि तिथे त्यांना न्यायाचा पुळका आला. कोर्टांचे कामकाज रयतेच्या मराठीत चालावे, या विषयावर ते पाऊण तास इंग्रजीत बोलले. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा म्हणून त्यांनी टेबलावर मूठ आपटली. त्यांच्याच गावच्या शाळेत तेव्हा त्यांचे भात भरून ठेवलेले होते आणि मास्तर पोरांना घेऊन देवळात बसत. खोटे कशाला बोलू, खाडीवरचा धक्का त्यांनी कौन्सिलात विचारलेल्या प्रश्नामुळेच झाला. त्यांच्या बोटीला ओहोटीच्या वेळी चिखलात थांबावे लागे, म्हणून झाला. पण झाला, आणि गाव आज त्यावरून कोरड्या पायांनी उतरते.

ही भाषणे मी लिहीत असे. आधी मराठीत, मग इंग्रजीत. ते ओटीवर आरामखुर्चीत पडून ऐकत आणि मध्येच हात वर करून म्हणत, "इथे जरा काळजाला भिडेल असे घाला." वेठ बंद करावी असा ठराव कौन्सिलात यायचा होता, तेव्हाही असेच म्हणाले. मला काही सुचेना. समोर खळ्यात वेठीला आलेला जोमा लाकडे फोडत होता. त्याच्या बापाने खाडीला बांध घालून, खारट चिखलातून टोपल्या वाहून एक तुकडा शेत काढले होते. ते आता जोमा कसत होता. त्या दिवशी तिथे लावणीची घाई होती आणि हा इथे कुऱ्हाड मारत होता. त्याच्याकडे बघून मी लिहिले: ज्याचा दिवस त्याचा नाही, त्याचे काहीच त्याचे नाही. नानासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी दोनदा म्हणवून घेतले आणि मग खळ्याकडे बघून ओरडले, "जोम्या, आवाज कमी कर रे! आणि पाणी आण."

भाषण गाजले. वर्तमानपत्रांनी ते पानभर छापले. नानासाहेबांनी तो अंक मला पाठवला आणि सोबत चिठ्ठी, की गावकऱ्यांना जमवून वाचून दाखवा, आपला खोत काय बोलतो ते कळू दे. मी पारावर वाचले. वाचून झाल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग जोमा उठला.

"म्हंजे मामा, वेठ बंद झाली?"

नानासाहेबांच्या मुलांचा मामा म्हणून सारे गाव मला मामा म्हणे. ठराव म्हणजे कायदा नव्हे, भाषण म्हणजे तर ठरावही नव्हे, हे सांगायला मला एक वाक्य पुरले असते. पण भाषणातले ते गाजलेले वाक्य माझे होते ना! माझा शब्द ऐकून माणसे अशी गप्प झालेली मी प्रथमच पाहत होतो. मी म्हटले, "साहेब बोललेत ना." जोमाने अंक मागितला, मी दिला. अक्षर एक येत नव्हते त्याला. त्याने कपाळाला लावून घडी केली. या माणसांना कोणी भोळे म्हणेल, पण त्यांचे काय चुकले? खोत चारचौघांत बोलला की तो कायदा, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या आम्हीच शिकवले होते.

पुढच्या आठवड्यात नानासाहेबांचा सत्कार ठरला होता, याच भाषणाबद्दल. मांडव घालायला वेठीचे एकही माणूस आले नाही. आदल्या दिवशी साहेब मुंबईहून उतरले, तो खळे मोकळे! त्यांनी जोमाला बोलावून घेतले.

"काय रे, माजलात का?"

"न्हाय मालक. तुमीच बोल्लाव ना, वेठ वाईट हाय."

"अरे गाढवा, ते मी सभेत बोललो!"

जोमाने खरोखरच विचार केला. मग म्हणाला, "सभेत येक आन् घरात येक, आसा आमच्यात न्हाय बोलत, मालक."

मांडव बाहेरगावच्या माणसांनी घातला. सत्कारात तेच वाक्य फळ्यावर रंगवून लावले होते. आणि भात कापून होताच जोमाचे शेत काढून घेतले गेले. तो अलिबागच्या कोर्टात गेला. तिथे मला विचारले, वेठ बंद झाली असे तुम्ही सांगितले का? मी म्हटले, मी फक्त वाचून दाखवले. हे उत्तर तंतोतंत खरे होते आणि त्याहून हलकट उत्तर मी जन्मात दिलेले नाही. जोमा हरला, मिठागरावर कामाला लागला. मी नानासाहेबांची भाषणे लिहीत राहिलो.

गेल्या आठवड्यात बहिणीला, आक्काला, भेटायला गेलो होतो. ओटीवर ती आरामखुर्ची तशीच आहे. कोणी तिच्यात बसत नाही. आम्ही बोलत होतो तेवढ्यात जोमा आला. केस पिकलेले, पायांना मिठाच्या भेगा. त्याने कमरेच्या फडक्यातून तोच अंक काढला. घड्यांवर फाटलेला.

"मामा, येकदा वाचून दावा आक्कासायबांना. मेल्या मानसाचा शबूद घरच्यांनी पुरा करायचा आसतो."

मी वाचले. वाचून झाल्यावर अंक त्याला परत केला. आक्का पदरात तोंड घालून रडली. माझा भाचा वकील आहे, तो मोठ्या आदराने म्हणाला, "बाबांची सगळी भाषणे आम्ही पुस्तकात छापतोय. जोमा, तुलाही एक प्रत देऊ हो."

शेताबद्दल कोणीच बोलले नाही. जोमाने एकदा खुर्चीकडे पाहिले, मग अंक माझ्या हातात ठेवला.

"ऱ्हाऊ दे तुमच्याकडंच. तुमीच लिवलाव ना यो? मी लाकडा फोडत व्हतो तवा तुमी माज्याकडं बघून लिवत व्हतात."

तो अंक आता माझ्या टेबलावर आहे आणि खिडकीबाहेर हिरू सुपारीवर चढला आहे. हिरूची झोपडी माझ्या वाडीत आहे, म्हणून आठ दिवसांतला एक दिवस तो मला फुकट देतो. माझ्या वडिलांच्या वेळेपासून असेच चालत आले आहे. आज त्याचा तो दिवस. नानासाहेबांना मी चार पाने शिव्या दिल्या, त्या लिहिताना तीन वेळा खिडकीतून त्याला ओरडलो की हात चालव. लेख पुरा झाला की त्याला सांगू, तुझी वेठ बंद, असे मनाशी म्हणत होतो. लेख छापून आला की वाचूनच दाखवू, असेही एकदा मनात आले. तेव्हा अंकाकडे लक्ष गेले. आता लेख इथेच सोडतो आणि हिरूला खाली बोलावतो.