आभाळातून पडलेला धोंडा

एसटी सुटायला आली तेव्हा आईने खिडकीतून हात आत घातला आणि माझ्या मांडीवर काहीतरी जड ठेवलं. फडकं सोडून बघितलं तर काळा धोंडा, मोठ्या लिंबाएवढा. लग्नाला आठवडाही झाला नव्हता. शेजारी हे बसले होते आणि मला त्यांच्याकडे मान वर करून बघायचीही लाज वाटत होती. त्यात हा धोंडा. मी तो पटकन पदराखाली घेतला.

आई खालून म्हणाली, "ह्यो आभाळातना पडलो हा. तुझ्या आजयेन पडताना बघितलान. येवढ्या लांबसून येवन हंय गप रवलो. तू तर नुसती मुंबैक जातंस."

कंडक्टरने घंटी दिली. गाडी हलली तशी ती दोन पावलं सोबत चालली आणि म्हणाली, "माझी चिंता करू नको गो. माका एकटीक करमता."

मी मान हलवली. माझं सगळं लक्ष धोंड्यात होतं.

मुंबईबद्दल मला आधी सांगितलं होतं की खोली भांडुपला आहे, स्टेशन जवळ आहे आणि नळ दारात आहे. खोली होती ती डोंगरावर. स्टेशनला जायचं तर आधी उतार, मग गल्ल्या, मग बस. नळ दारात होता हे खरं, पण ते दार खालच्या आळीतल्या दुसऱ्याच कोणाचं होतं. ह्यांचा दोष नव्हता. त्यांनाही कोणीतरी तसंच सांगून आणलं असणार. पण तेव्हापासून कोणी "जवळ" म्हटलं की मी सावध होते. जो माणूस जागेचं कौतुक करतो, त्याने तिथे पाणी भरलेलं नसतं.

धोंडा मी देव्हाऱ्यात ठेवला, देवांच्या मागे, दिसेल न दिसेल असा. हे हसायचे. "बरा देव आणलास. नैवेद्य नको, रुसवा नको." मी काही बोलायचे नाही. मला बोलायला जमतच नाही, चार माणसं असली की घसा कोरडा पडतो. पण हंडा घेऊन चढ चढताना मी मनात म्हणायचे, तो आभाळ सोडून आला, त्याला परत जायची एसटीसुद्धा नाही, आणि तरी गप राहिला. मग मीही गप राहायचे. कितीतरी वर्षं मी त्या एका वाक्यावर काढली.

माझी शाळा चौथीपर्यंत. वाडीत तेवढीच होती. पुढची खाडीपलीकडे, आणि मुलीला होडीतून एकटी कोण पाठवणार? वाचायची सवय टिकली ती टीव्हीवरच्या बातम्यांच्या पट्टीमुळे. पट्टी पळायची आणि मी तिच्या मागे पळायचे. आता मला जलद वाचता येतं. हे गेल्यावर त्यांचा मोठा फोन माझ्याकडे आला. त्यावर एकदा चंद्रावर पाणी सापडल्याची बातमी दिसली. जन्मभर पाणी भरलेल्या बाईने ती उघडली नसती तरच नवल.

उघडली आणि संशय आला. पाणी म्हणजे काय, तर ऊन कधीच पोचत नाही अशा खड्ड्यांत, मातीत मिसळलेला बर्फ. तो खणणार कोण, वितळवणार कोण, गाळणार कोण? सांगणाऱ्या बाईने त्यातलं काहीच सांगितलं नाही. "भविष्यात तिथे माणसं राहतील," म्हणाली आणि हसली. मला आमच्या भांडुपच्या नळाची आठवण झाली.

तेव्हापासून मला नाद लागला. पण माझा नाद असा की एकेक बातमी मी भाजीसारखी निवडते. लघुग्रह पृथ्वीच्या अगदी जवळून जाणार, असं लाल अक्षरांत येतं. आत बघावं तर "अगदी जवळून" म्हणजे चंद्राहूनही कितीतरी लांबून. खोल्या विकणारे एजंट आणि हे लोक एकाच शाळेत शिकले असावेत. आपलं यान चंद्रावर उतरलं त्या दिवशी सगळे टीव्हीसमोर टाळ्या वाजवत होते. मी बघत होते की पडद्यावर तर चित्र दिसतंय, काढलेलं. यान उतरताना बाहेरून कोणी फोटो काढलाच नाही. मग माझं मलाच हसू आलं. बाहेरून फोटो काढायला खाली आधी कोण जाऊन उभं राहणार होतं? ते चित्र यानाकडून येणाऱ्या खुणांवरून हलत होतं, असं नंतर कळलं. ते मी मानलं. पण लगेच नाही.

डोंगरावरची खोली गेली आणि त्या जागी आता बिल्डिंग आहे. मी सातव्या मजल्यावर राहते. नळ खरंच दारात आहे, दारातच काय, ओट्यावर आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून संध्याकाळी एक ठळक ठिपका दिसायचा. फोनमध्ये म्हणाले तो शुक्र. मला वाटलं बांधकामाच्या क्रेनवरचा दिवा असेल. भाकऱ्या थापताना मी रोज त्याच्यावर नजर ठेवली. क्रेन होती तिथेच राहिली आणि तो मात्र काही आठवड्यांत हळूहळू खाली उतरत दिसेनासा झाला, तेव्हा कबूल केलं. गावी अंगणात आभाळभर चांदणं होतं आणि मला एकाचंही नाव ठाऊक नव्हतं. इथे दोन-तीनच दिसतात, त्यांची नावं मला येतात. काय मिळवलं आणि काय घालवलं, हे ठरवता येत नाही.

माझी मुलगी नीलम नर्स आहे. मुलुंडच्या एका हॉस्पिटलमध्ये होती. मग जर्मन भाषेचा क्लास लावला, परीक्षा दिली, आणि एक दिवस घरी येऊन म्हणाली, "आई, माझं झालं. तिकडे खोली पण देतायत."

मला मंगळाची बातमी आठवली. तिथेही राहायला देणार आहेत म्हणे.

तिने खोलीचे फोटो दाखवले. पलंग, कपाट, पांढरी स्वच्छ भिंत, मोठी खिडकी. खिडकीला पडदा ओढलेला. मी विचारलं, "बाहेर काय आहे?"

"बाग आहे गं समोर."

"मग फोटो पडदा ओढून का काढलाय?"

"यार आई, तू ना पोलिसात पाहिजे होतीस."

मी तिला अडवलं नाही. मला कोणी अडवलं नव्हतं. पण माझ्या मनात होतं की ती निघेल तेव्हा आईने मला दिला तसाच धोंडा तिच्या हातात ठेवायचा आणि तेच वाक्य म्हणायचं: हा आभाळातून आला आणि राहिला, तू तर नुसती जर्मनीला जातेस. मी ते वाक्य भांडी घासताना म्हणून बघत होते, कारण आयत्या वेळी माझं तोंड उघडत नाही. म्हणता म्हणता मलाच टोचायला लागलं. जगातली एकेक बातमी मी निवडून घेते, आणि ही एकच बातमी तीस वर्षं न निवडता घेतली होती. नीलम शिकलेली. तिने विचारलं, "कशावरून?" तर मी काय सांगणार?

आकाशातून पडलेले दगड कसे ओळखायचे, हे एका व्हिडिओत सांगितलं होतं. पहिलं म्हणजे लोहचुंबक. फ्रिजवरचा चुंबक काढून मी धोंड्याला लावला. तो चिकटला. घट्ट नाही, पण सोडायलाही तयार नाही. मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले. मग पुढचं वाक्य आलं: जमिनीतल्या लोखंडाच्या दगडालाही चुंबक चिकटू शकतो. तेव्हा धोंडा टाईलच्या मागच्या खरखरीत बाजूवर घासून बघा. आभाळातला असेल तर सहसा रेघ उमटत नाही. तांबडी उमटली तर तो इथलाच.

व्हिडिओखाली मी प्रश्न लिहिला, आईने सांगितलेलं असेल तरी घासून बघावं का? मग तो पुसून टाकला.

बाथरूमच्या उरलेल्या टाईल्स पलंगाखालीच होत्या. पण मी वाकले नाही. त्याऐवजी गावी आक्काला फोन लावला. आक्का म्हणजे माझी मोठी बहीण, ती गावातच दिलेली, आईला अजून आवस म्हणणारी. तिला विचारलं, आईने तो धोंडा आणला कुठून?

"आता कित्याक होयी तुका ती चवकशी?" आक्का म्हणाली. "आवस गेली, धोंडो तुझ्याकडे असा. पूज नायतर फेकून दी."

"आजीने पडताना बघितला होता ना?"

"आजयेक दिवसाचा दिसा नाय, ती काय बघतली! तू जावच्या सकाळी आवस खाणीच्या वाटेक गेल्ली, येवढा माका म्हायती. आणि तू गेल्यार दोन दिस तिना चूल पेटवक नाय. मीच पेज नेवन दिली. जेवलंस मगे तू?"

जेवले, म्हटलं आणि फोन ठेवला. मला फक्त खाण ऐकू आली होती.

त्याच दुपारी टाईल काढली. ओट्यावर पालथी ठेवली आणि धोंडा घासला. एकदाच.

रेघ तांबडी उमटली. चांगली ठळक, विटेसारखी.

हा तांबडा मला ओळखीचा होता. आमच्या गावाजवळ लोखंडाच्या दगडाची खाण होती आणि बाबा तिथे पाट्या भरायचे. संध्याकाळी ते घरी आले की केस, भुवया, सदरा सगळं ह्या रंगाचं. आई तो सदरा आपटून आपटून धुवायची, पाणी तांबडं व्हायचं, सदरा पांढरा कधीच झाला नाही. माझ्या लग्नाआधीच बाबा गेले. त्यांचा एक सदरा मग न धुता तसाच खुंटीवर होता.

मला राग आला, हे खरं लिहिते. खाणीतल्या एका दगडासमोर मी इतकी वर्षं हात जोडले. पाणी भरताना, नीलम तापाने फणफणलेली असताना, हे गेले तेव्हा. एवढं खोटं आईने इतक्या सरळ तोंडाने सांगितलं कसं?

नीलम जायच्या दिवशी धोंडा आणि टाईल ओट्यावरच होती. ती वजनकाट्यावर बॅग ठेवून एकेक वस्तू काढत, घालत होती. चहा घ्यायला आत आली आणि म्हणाली, "देवाला बाहेर का काढलंस?"

मी तिला सगळं सांगितलं. आईचं वाक्य, चुंबक, आक्का, रेघ. एका दमात इतकं मी कोणाशी बोलले नसेन. नीलमने धोंडा उचलला आणि स्वतः टाईलवर ओढला. पहिल्या रेघेशेजारी दुसरी रेघ.

"वा गं वा," ती म्हणाली. "आजीने तुला आभाळ दिलं आणि तू मला खाण देतेस?"

"खरं ते सांगितलं."

"कशाला? मी काय तिकडे टाईल घेऊन जाणार होते?"

"तू शिकलेली. तुझा विश्वास बसला नसता."

"नसताच बसला. म्हणून काय सांगायचं नाही?" तिने धोंडा मोज्यात घातला आणि मोजा बॅगेत कोंबला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सांग ना काहीतरी. अशीच पाठवतेस मला?"

पाठ केलेलं वाक्य आता कामाचं नव्हतं. काय बोलावं हे कळायच्या आत तोंडातून निघून गेलं, "माझी काळजी करू नको. मला एकटीला करमतं."

नीलमने चेन ओढायची थांबवली. माझ्याकडे बघितलं, बातमी वाचताना मी बघते ना, तसं. मग म्हणाली, "बरं. हे पण ठेवते."

टॅक्सी गेटातून वळली आणि मला एसटीची खिडकी आठवली. आईनेही त्या दिवशी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. मी एकीलाच चुंबक लावत बसले. दुसरी मी तीस वर्षं निमूट खरी धरली. आक्काने दोन दिवस न पेटलेली चूल सांगितली, तेव्हाही ती मला ऐकू आली नाही.

त्या संध्याकाळी मी भाकरी केली नाही. आक्काचा फोन आला, "जेवलंस मगे?" तेव्हा मात्र जेवले म्हणून सांगितलं.

गावचं घर आता आक्काच्या मुलाने पाडून नवीन बांधलं आहे. भांडुपची खोली होती तिथे आता बिल्डिंगचं पार्किंग आहे. घरी जाते, असं म्हणायचं तर कुठे जायचं, मला ठरवता येत नाही. देव्हाऱ्यात धोंड्याच्या जागी मी ती टाईल उभी करून ठेवली आहे. दिवा लावताना बोट लागून रेघा पुसल्या जाऊ नयेत म्हणून जपते.

काल नीलमचा फोटो आला. खिडकीच्या कडेवर धोंडा ठेवलाय आणि ह्या वेळी पडदा उघडा आहे. खाली लिहिलंय, "बघ, तुझा देव बागेकडे तोंड करून बसवलाय."

मी दोन बोटांनी फोटो मोठा केला. काचेपलीकडे राखाडी भिंत होती. तिच्यावरून एक पाईप खाली आलेला. आणखी मोठा केला, बाजूबाजूने सरकवला, चारही कोपरे बघितले. झाडाचं पानसुद्धा नाही.

मग चष्मा पुसला आणि तिला लिहिलं, बाग छान आहे.