वाळूचं बाळ

जर्मनीच्या किनाऱ्यावरच्या आमच्या पूर्व फ्रिसियातल्या बंदरात एनो त्यादेनला सगळे 'कप्तानीणबाई' म्हणत आणि तोही हसून ओ देई. दुसऱ्या महायुद्धात तो एका सोंगाड्या जहाजावर होता. दिसायला साधं मालवाहू, झेंडा परक्या देशाचा आणि फळ्यांच्या आड जर्मन तोफा. शत्रूचं जहाज दिसलं की एनो झगा घालून, डोक्याला रुमाल बांधून डेकवर बाबागाडी फिरवायचा. बायकामुलं असलेल्या जहाजाचा संशय कोण घेणार? अंगाने काडी आणि दाढी विरळ, म्हणून हे काम त्याच्या गळ्यात पडलं.

एवढी गोष्ट गावाला पाठ होती. दारू चढली की शेजारचा वुब्बो कमरेवर हात ठेवून नक्कल करी. "काय कप्तानीणबाई, पाळणा हलला का यंदा?" मला या पुरुषांचा भारी संताप यायचा. एनो हसायचा, पण घरी जाताना समुद्राचा बंधारा टाळून मागच्या चिखलाच्या वाटेने जायचा. मी शेजारीण, मला दिसत होतं. युद्धात पकडला जाऊन तो कैदेत असतानाच त्याची बायको गेली, आणि त्याची मुलगी थेडा माझ्याच हाताखाली वाढली.

थेडाला मुलगी झाली, तेव्हा रिवाजाप्रमाणे आम्ही शेजारी ब्रँडीत मुरवलेले बेदाणे खायला एनोच्या घरी जमलो. रविवारी बाप्तिस्मा होता. जावई हेरिंगच्या मासेमारीवर गेलेला, तेव्हा बाळाला चर्चमध्ये न्यायचं काम आजोबाचं. थेडाने नवी बाबागाडी पुसूनबिसून पुढे आणली. एनोने हातातली वाटी खाली ठेवली.

"मला नाही जमायचं."

"का? पाठ धरलीय?" थेडाने विचारलं.

"नाही."

थेडाचा चेहरा उतरला. "पोर झाल्यापासून तुम्ही तिला एकदाही घेतलं नाहीत, बाबा. मला काय कळत नाही? तुम्हाला नकोच असेल ती, तर तोंडावर सांगा. पुन्हा या दारात पाऊल टाकणार नाही मी."

"एनो, अरे बोल की!" मी ओरडले. "तोंड शिवलंय का?"

तेव्हा तो बोलला, गाडीकडे न बघता.

"रिकामी गाडी डेकवर उड्या मारायची. लगेच खोटी दिसायची. मीच म्हटलं, आत वाळूची पिशवी घालू. दुपट्यात गुंडाळली मी ती, नीट, तुला गुंडाळायचो तशी. मग ती युद्धनौका आली. तुम्ही कोण, कुठले, विचारत जवळ आली, अगदी जवळ. मी वाकून वाळूला थोपटत होतो. त्यांची पोरं कठड्याशी जमली. एकाने टोपी काढून हलवली. मी दुपट्याचं टोक धरून हलवलं, बाळाचा हात हलवावा तसं. आणि आमचा खरा झेंडा वर चढला, फळ्या पडल्या, तोफा सुटल्या."

थेडाने गाडी हळूच मागे सारली.

"त्यांनीही आम्हाला फोडलं. आमचं जहाज बुडालं, पण आम्ही होड्यांत चढलो. त्यांच्यातला एकही वाचला नाही, थेडा. माझी गाडी बघून जवळ आले होते ते. आता कुठलंही बाळ बघितलं की मला वाटतं, दुपटं बाजूला केलं तर आत वाळू असेल."

"लढाई होती ती, एनो," वुब्बो म्हणाला. "त्यांनी आधी ओळखलं असतं, तर त्यांनी तुम्हाला मारलं असतं."

"ठाऊक आहे मला," एनो म्हणाला. "रोज सांगतो मी ते स्वतःला."

थेडा उठली आणि तिने पोर सरळ बापाच्या हातात दिलं. पोरीने टाहो फोडला. "गाडी राहू दे," थेडा म्हणाली. "हातांवर न्या. आणि सांभाळा, भिजवते ती."

चर्चची वाट बंधाऱ्यावरूनच जाते. रविवारी एनो पोरीला छातीशी धरून चालला होता आणि आम्ही मागून. भरतीबरोबर एक कोळंबीची बोट आत येत होती. आमचे सणाचे कपडे पाहून बोटीवरच्या एका पोराने टोपी काढून हलवली. एनो जागच्या जागी थिजला. थेडाने माझा दंड घट्ट पकडला.

एनोने दुपटं सारलं, पोर दोन्ही हातांनी उंच धरलं आणि गळा फाटेपर्यंत ओरडला, "खरी आहे! बघा रे, खरी आहे ही!"

बोटीवरचे सगळे हसले आणि आणखी हात हलवू लागले. चर्चमध्ये पाद्री ताटकळले, तरी बोट सुखरूप धक्क्याला लागेपर्यंत एनो तिथून हलला नाही.