दादानं आवळलेला बोल्ट

मंडळी, हात अजून काळेच हायत, पण लिहिल्याशिवाय राहवंना.

आज दुपारी कनेरगाव नाक्यावर आमच्या गॅरेजात एक जीप आली. वॉटर पंप गळत होता. पंप काढायला गेलो तर एक बोल्ट हलंना. पाना घसरून घसरून त्याची मुंडी पार गोल झाली. डिझेल सोडलं, हातोडीनं ठोकलं, माझं बोट सोललं, तरी तो जागचा हलला न्हाई.

डोकंच फिरलं. "कोन्या गाढवानं इतका आवळला?" म्हणून जीपवाल्यावरच ओरडलो.

मग चिंधीनं काजळी पुसली, तर बोल्टाच्या बाजूला लाल नेलपॉलिशचा टिपका दिसला.

तो माझ्या थोरल्या भावाचा होता. दादा पान्याला पाईप घालून बोल्ट आवळायचा आणि खूण म्हणून वहिनीच्या नेलपॉलिशचा टिपका लावायचा. "इतकं काहून आवळतो?" म्हणून मी भांडायचो. "आपले रस्ते बघ की," म्हणायचा. दिवाळीच्या आधी दादा हार्ट अटॅकनं गेला.

शेवटी ग्राइंडरनं मुंडी कापली. दुसरा इलाजच नव्हता. नवा बोल्ट दादासारखाच पाईप घालून आवळला आणि टिपक्यासाठी घरी नेलपॉलिश मागायला गेलो.

वहिनी भाकरी थापत होती. वर न बघताच म्हणली, "भाऊजी, बांगड्या फोडल्या त्याच दिवशी बायकांनी ती बाटली बी उकिरड्यावर फेकली."

जीप बिनटिपक्याचीच गेली.

दादाचा बोल्ट मी नाइलाजानं कापला. वहिनीची बाटली फेकल्याबिगर कुणाचं काय अडलं होतं, सांगा ना कुणीतरी.