मिस्त्रीच्या घरचं सिंक

सिंकखालच्या वाकड्या पायपात जसा गाळ साचतो, तसे आमच्या टोळीचे किस्से माझ्याकडे साचलेत. वरून पाणी वाहत असतं, कुणाला काही दिसत नाही. पण तळाचं बूच जरा सैल झालं की सगळं भदाभदा अंगावर येतं. परवा घरचं सिंक तुंबलं म्हणून पाना घेऊन खाली वाकलो, आणि बूच सुटलं ते माझंच!

इंग्रज जायच्या आगेमागेची ही गोष्ट. भिंगारला लष्कराच्या बंगल्यांत नळ आणि सिंक दुरुस्त करणारे आम्ही तिघं. दाविद मिस्त्री आमचा म्होरक्या. माणूस ताडमाड उंच, कुठल्याही दारातून वाकूनच आत यायचा. दुसरा तुकाराम, पारनेरकडचा, झुपकेदार मिशांचा गडी. त्याच्या मिशीपेक्षा त्याचे प्रश्न भारी. तिसरा मी, गणपत.

तुकाराम नवीन होता तेव्हा मिस्त्रीने त्याला सिंकखालचा वाकडा पाईप दाखवला. तुकारामने बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "सरळ टाकला असता तर पानी बिगीनं गेलं असतं की."

"आरं, ह्या वाकात थोडं पानी कायम थांबून ऱ्हातं. ते पानी म्हंजी दार. गटाराचा वास दाराभायेर, साहेब दाराच्या आत. कळलं का?"

"कळलं," तुकाराम म्हणाला. "पन मिस्त्री, दाराला कडी कुठं हाय?"

*

दिवसभर साहेबांची सिंकं ठीकठाक करणाऱ्या मिस्त्रीच्या स्वतःच्या घरी मात्र मोरी होती. त्याची बायको रहेलबाई तिथं उकिडवी बसून भांडी घासायची. बुटकी, गोरटेली, बोलायला फटकळ. तिचे गुडघे पार गेले होते. भांडी घासून उठताना भिंतीला धरून उठायची, आणि उठल्यावर क्षणभर डोळे मिटून उभी राहायची. ते बघून मला फार वाईट वाटायचं.

"मडमेला उभ्यानं भांडी घासायची सोय," ती म्हणायची, "आन् ती कधी एक बशी तरी घासती का? मला सिंक पायजे."

"बघू," मिस्त्री म्हणायचा. जेवलेलं ताट तिथंच ठेवून तो अंगणात बिडी ओढायला जायचा. वर्षानुवर्षं ते 'बघू' चाललं होतं.

*

एक साहेब उन्हाळ्यात कुटुंबासकट महाबळेश्वरला गेला. बंगल्यावर लक्ष ठेवायला तुकारामला नेमलं. साहेब परत आला आणि दार उघडताच नाकाला रुमाल लावून बाहेर पडला. सगळा बंगला गटारासारखा घाण मारत होता.

मडमेने आधी खानसाम्यावर आळ घेतला. मग कुत्र्यावर. कुत्र्याला कारबॉलिक साबणाने आंघोळ घातली, तरी वास तसाच. शेवटी आम्हाला बोलावणं आलं. मिस्त्रीने सिंकखाली हात घातला, तर वाकडा पाईप कोरडा ठणठणीत.

"तुक्या, ह्यातलं पानी कुठं गेलं?"

"टाकलं की. साहेब जाताच टाकलं," तुकाराम छाती काढून म्हणाला. "आवो, घरात शिळं पानी ठेवत्यात व्हय? आमच्याकडं सकाळी उठल्याबरुबर पैलं शिळं पानी वतून देत्यात."

मिस्त्रीने कपाळाला हात लावला. संध्याकाळी त्याने घरी हा किस्सा हसून हसून सांगितला. रहेलबाई हसली नाही.

"त्याच्या आईनं त्याला घरातलं वळन तरी लावलंय," ती म्हणाली. "तुमच्या आईनं तुमाला ताट उचलायला बी शिकवलं न्हाई."

*

दुसऱ्या एका बंगल्याचं सिंक सारखं तुंबायचं. मिस्त्रीने खानसाम्याला विचारलं, "भांडी राखेनं घासतोस का?"

"तोबा! साहेबांचा साबण आहे, राख कशाला लावू?"

मिस्त्री सिंकखाली सरकला. त्याने खाली भलीमोठी बशी धरली आणि पितळी बूच काढलं. आतून चुलीची राख, तेल आणि काथ्या मिळून झालेला गोळा सुळकन बशीत उतरला. छान काळसर, गुळगुळीत, आणि पायपाच्या वाकाचा आकार घेतलेला. मिस्त्रीने ती बशी पुरावा म्हणून टेबलावर ठेवली आणि हात धुवायला गेला.

तेवढ्यात साहेब आला. त्याने बशीकडे पाहिलं, खानसाम्याकडे पाहिलं, खूश होऊन खुर्ची ओढली आणि चमचा मागवला.

*

मग इंग्रज गेले. त्याच बंगल्यात आपल्याकडचे एक मेजर राहायला आले, सोबत त्यांच्या मातोश्री. सोवळ्याओवळ्याच्या कडक. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आम्हाला बोलावून घेतलं. मिस्त्रीने मोठ्या हौसेने वाकडा पाईप, त्यात थांबणारं पाणी, गटाराचा वास, सगळं समजावून दिलं.

आजींनी शांतपणे ऐकलं. "म्हणजे कालचं खरकटं पाणी रात्रभर माझ्या स्वयंपाकघरात?"

"व्हय, पन ते दार..."

"काढा हे. मला मोरी बांधून द्या."

तुकारामने मिशीवरून हात फिरवला. "मिस्त्री, मी काय म्हनलो हुतो?"

मोरी बांधली. कडेचा टवका उडालेलं ते पांढरं सिंक अडगळीत जाऊन पडलं. ही बातमी रहेलबाईला कुणी सांगितली ते मी सांगणार नाही. दुसऱ्याच दिवशी मिस्त्रीने ओव्हरसियरला रीतसर विचारून ते घरी न्यायची परवानगी काढली. आता 'बघू' म्हणायला जागाच उरली नव्हती.

*

सिंकाला दोर बांधून, दोरात बांबू घालून, मी आणि तुकाराम ते भिंगारच्या बाजारातून घेऊन निघालो. पुढे मिस्त्री, मान ताठ. एका म्हातारीने तिरडी समजून पदर सावरला आणि लांबूनच हात जोडले. एका दुकानदाराने विचारलं, "मिस्त्री, घोडा घेतला का?"

"का रं?"

"न्हाई, पानी पाजायचं टाकं घेतलंया, म्हनून इचारलं."

*

शनिवारी मिस्त्रीने सिंक बसवलं. आम्हाला हात लावू दिला नाही. घरचं काम आहे, आम्ही नवराबायकोच करू, म्हणाला. रविवारी चर्चहून आल्यावर चहाला बोलावलं. गल्लीतल्या बायका दारात दाटल्या होत्या. काम मात्र देखणं झालं होतं. वाक बरोबर, सांधे कोरडे, वर नळाची नवी तोटी.

रहेलबाई पुढे झाली. सिंक तिच्या छातीला लागलं. तिने हात वर करून आत घातला, पण तळाशी ठेवलेल्या ताटापर्यंत काही तो पोचेना.

"वैनी, खाली पाट घ्या," तुकाराम म्हणाला.

"पाटावर चढायला गुडघं असते, तर मोरीतच बसले नसते का?"

तिने खुर्ची ओढली, पाय लांब केले आणि नवऱ्याकडे बघितलं. गल्लीतल्या सगळ्या बायकांनीही बघितलं. मिस्त्रीने सिंकाकडे पाहिलं. ते त्याच्या कमरेला बरोबर बसत होतं. त्याने हळूहळू बाह्या वर केल्या.

"कडा नीट घासा," रहेलबाई म्हणाली आणि बशीत चहा ओतला.

पुढं महिनाभर आम्ही जाऊ तेव्हा मिस्त्री सिंकापाशी उभा. रहेलबाई खुर्चीत, आणि चेहऱ्यावर असा आराम की बघून बरं वाटावं. तुकारामला मात्र मिस्त्रीची दया आली. अंगणात बसलो असताना तो हळूच म्हणाला, "मिस्त्री, मी आन् गनपत मिळून सिंक खाली घेऊन देतो. तुमी उंचीच चुकला."

आतून हाक आली, "अवो, तवा ऱ्हायलाय."

मिस्त्री बिडी विझवून उठला. दारात वाकताना थांबला, आत डोकावून बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मी खालीच धरलं हुतं रं. भिताडावर पेन्सिलीची खूनबी केली हुती. हीच मागं उभी ऱ्हाऊन सांगत हुती, आनखी वर घ्या. आनखी थोडं वर."