दीड मिनिटाचा निरोप

आमच्या आरोग्य केंद्राचा मोबाइलवर एक ग्रुप होता. अजून आहे. त्यात डॉक्टर, पर्यवेक्षक, रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर, आम्ही सिस्टर आणि गावोगावच्या आशाताई. पर्यवेक्षकांनी नियमच केला होता, एकेकट्याला फोन करायचा नाही, जे असेल ते ग्रुपवर टाकायचं, म्हणजे सगळ्यांना एकाच वेळी कळतं. दर बैठकीत ते याला टीमवर्क म्हणत आणि आम्ही माना डोलवत असू.

माझ्या उपकेंद्रात महागावच्या पुढच्या टेकडीवरचं एक कोलाम पोड, म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती, येतं. तिथली आशाताई त्याच पोडावरची. सातवी शिकलेली, लिहायला अवघडणारी, पण बाईच्या चेहऱ्याकडे पाहून तिचे दिवस सांगणारी. त्या दिवशी सकाळी साडेदहाला तिचा मला फोन आला. मी शेजारच्या गावात अंगणवाडीत लसीकरणाला बसले होते. मांडीवर एक पोर, दुसरं रडत होतं. ती म्हणाली, पोडावरच्या एका बाईला नववा लागलाय, तिचं काही ठीक दिसत नाही. मी पुढचं ऐकलंच नाही. म्हटलं, "ताई, मी सेशनमध्ये आहे. ग्रुपवर टाका, सगळे पाहतात."

तिनं निरोप टाकला. टाइप करता येत नाही म्हणून बोलून टाकला, दीड मिनिटाचा. तो पाहून मी अंगठा दाबला आणि पुढच्या पोराला टोचायला घेतलं. नंतर मोजले, तेव्हा त्या निरोपाखाली अकरा अंगठे होते. त्याच्या खालोखाल कुणीतरी वाढदिवसाच्या केकचं चित्र टाकलं होतं.

आशाताईचा निरोप म्हणजे गाडी हवी, हे सगळे धरूनच चालतात; तरी गाडी गेली नाही. ड्रायव्हरला वाटलं, डॉक्टर सांगतील तेव्हा निघू. डॉक्टरांना वाटलं, अंगठा आलाय म्हणजे ड्रायव्हर निघालाय. पर्यवेक्षकांना वाटलं, गाव सिस्टरचं आहे, ती बघेल. मला वाटलं, एवढे जण आहेत. आशाताई टेकडीच्या पायथ्याशी, डांबरी रस्त्यावर, अडीच तास उभी होती. तिथे रेंज येते म्हणून ती तिथे थांबली होती. शेवटी तिनं सोयाबीन टाकून परतणारा एक ट्रॅक्टर अडवला. घरच्यांनी बाईला खाटेवर खाली आणलं होतं; तिला ट्रॉलीत पोती अंथरून झोपवलं. अर्ध्या वाटेत बाईला झटके आले. आशाताईनं तिचा श्वास अडू नये म्हणून तिला कुशीवर वळवून धरलं आणि तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत तसंच धरून ठेवलं.

बाळ जगलं. मुलगी, मुठीएवढी. आई दोन दिवस शुद्धीवर नव्हती. ती परत आली, पण तिच्या डाव्या हाताची पकड गेली. कापूस वेचायला दोन हात लागतात.

चार दिवसांनी वरून विचारणा आली आणि मग आमची टीम खरोखर कामाला लागली. डॉक्टर, पर्यवेक्षक, मी, सगळे एका टेबलाशी. कुणी मुद्दे सांगतंय, कुणी लिहून घेतंय, कुणी वेळा जुळवतंय. तासाभरात खुलासा तयार. त्यात लिहिलं होतं की आशा कार्यकर्तीनं लेखी माहिती न दिल्यामुळे आणि धोक्याची लक्षणं स्पष्ट न कळवल्यामुळे विलंब झाला. तिला नोटीस द्यावी, असंही शेवटी होतं. इतक्या एकमतानं आम्ही कधी काही केलं नव्हतं.

सहीसाठी कागद माझ्याकडे आला तेव्हा मी विचारलं, निरोप ऐकला कुणी? पर्यवेक्षकांनी पेन माझ्याकडे सरकवलं. मग मी मोबाइल टेबलावर ठेवला आणि तो लावला. चार दिवसांनंतर पहिल्यांदा.

"डॉक्टरसाहेब, सिस्टर, बाईच्या तोंडावर सूज आली हाय. डोकं लय दुखून राह्यलं म्हणते, डोळ्यापुढं अंधारी येते. चक्कर येऊन पडली एकडाव. गाडी पाठवा. कोण येते ते एकानं नाव घेऊन सांगा, मी रोडवर उभी राहतो."

पुढे नुसता वारा आणि मागे कुणीतरी कोलामीत हाका मारतंय. गरोदरपणात रक्तदाब वाढल्याचं एकही लक्षण सुटलं नव्हतं. आमच्या प्रशिक्षणाच्या पुस्तकात ते ज्या क्रमानं छापलंय, जवळजवळ त्याच क्रमानं तिनं सांगितलं होतं.

पर्यवेक्षक म्हणाले, "आता हे लावून काय उपयोग? सगळेच अडचणीत येऊ."

"यायलाच पाहिजे," मी म्हणाले. मी त्यांच्यावर चिडले होते, डॉक्टरांवर चिडले होते, आणि त्या लसीकरणाच्या खुर्चीत बसलेल्या बाईवर, म्हणजे स्वतःवर, तर इतकी की तिचा चेहरा आठवला तरी तोंडात कडू यायचं. मी सही केली नाही. वेगळ्या कागदावर लिहिलं, फोन मला आला होता, मी पूर्ण ऐकला नाही, निरोप न ऐकता पाहिल्याची खूण केली.

आशाताईची नोटीस निघाली नाही. माझी निघाली, वेतनवाढ थांबली. पर्यवेक्षक त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलतात. डॉक्टर मात्र एक दिवस स्वतः पोडावर गेले, त्या बाईच्या अंगणात बराच वेळ बसून आले. काय बोलले ते त्यांनी सांगितलं नाही.

मी आशाताईला माझ्या कागदाबद्दल सांगायला गेले होते. मनात कुठेतरी होतं, तिला बरं वाटेल. ती सूप घेऊन तूर पाखडत होती. ऐकून घेतलं, हात थांबवला नाही.

"तुमच्या कागदानं तिचा हात वापस येते का, सिस्टर?" ती म्हणाली. "म्या फोन केलता तवा दोन मिनिटं ऐकून घ्याचं होतं."

आता ती ग्रुपवर काही टाकत नाही. थेट फोन करते, आणि समोरच्यानं "मी निघालो" असं म्हटल्याशिवाय ठेवत नाही. दोन-तीनदा विचारते, कोण, कुठून, किती वेळात. ड्रायव्हर कुरकुरतो, म्हणतो बाई फार उलटतपासणी घेते. त्याला मी एकदा खडसावलं आहे. पुन्हा बोलला तर पुन्हा खडसावीन.