मिस्टर लिन यांच्या भावाचा कोट

घरापासून लांब एकटी राहणारी माणसं जमली, की किस्से साचतातच. बहारीनचे हे किस्से मी इतक्यांदा सांगितलेत, की मला प्रसंग आठवतो की माझंच सांगणं, याची आता खात्री नाही. सालसुद्धा अठ्ठ्याहत्तर की एकोणऐंशी? चुकलो तर सांभाळून घ्या.

मी एका बांधकाम कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात होतो. शिक्षण एम.ई., ग्रेड ज्युनिअर! ज्युनिअरला फॅमिली व्हिसा नाही. बायको आणि मुलगी पुण्यात. साइटवर तैवानचे वेल्डर होते. त्यांना संध्याकाळी इंग्रजी शिकवायचं काम साहेबांनी माझ्या गळ्यात मारलं.

*

कंपनीच्या वार्षिक डिनरची कार्डं आली. समुद्रकाठच्या झल्लाक गावातलं हॉटेल. खाली छापलेलं, ‘अटायर: फॉर्मल’.

फोरमन मिस्टर लिन पन्नाशीचे. प्रत्येक इंग्रजी शब्द वहीत चित्रासारखा उतरवायचे. म्हणाले, "टीचर, हे क्लोद्जच ना? आमच्याकडे यीफू म्हटलं की सगळं आलं."

मी म्हणालो, "दोरीवर वाळतात ते क्लोद्ज. चारचौघांत जाताना नीट घालतो, ते अटायर."

तरुण चेनने लगेच वाक्य केलं, "शुक्रवारच्या सुट्टीत टीचर लुंगी नेसतात. टीचरना अटायर नाही!"

*

पुढच्या तासाला चेनने लिहून आणलं, ‘बॉयलर सूट हे माझं अटायर आहे.’ मी लाल रेघ मारली. इतका भारदस्त शब्द, कामाच्या कपड्यांना कसा चालेल?

लिन हळूच म्हणाले, "टीचर, मागच्या महिन्यात मोठे पाहुणे आले. आम्ही याच कपड्यांत रांगेत उभे होतो. त्या दिवशी?"

मी रेघ खोडायला गेलो. पान आणखीच लाल झालं! बरोबर कोण होतं, हे मला अजून ठरवता येत नाही.

*

आमचा टायपिस्ट पीटर, वसईचा. त्याने बातमी आणली. "मास्तर, डिनरच्या प्रोग्राममध्ये आभाराचं भाषण तुझ्या नावावर टाइप केलंय. प्रमोशनची लिस्ट डिनरनंतर. साहेब माणूस बघतो, डिग्री नाय!"

"पीटर, माझ्याकडे कोट नाही रे."

"मग जा बुशशर्टवर. प्लेटी उचलायला लावतील!"

त्या संध्याकाळी मी वर्गाला ही बातमी सांगितली आणि फळ्यावर लिहिलं, ‘टीचर इज विदाउट फॉर्मल अटायर.’ वर्ग हसला. लिन हसले नाहीत.

"प्रमोशन मिळालं, तर मिसेस येणार?"

"इंशाल्ला," मी म्हणालो.

*

दुसऱ्या दिवशी लिन यांनी टेबलावर एक पुडकं ठेवलं. आत काळा कोट. जुना, पण सुरेख शिवलेला.

"माझ्या भावाचा. तो घरी परत गेला. हा जास्तीचा आहे."

चेन चिनीत काहीतरी बोलायला लागला. लिन यांनी त्याला एका शब्दात गप्प केलं, "खलास!"

बाह्या बोटभर आखूड होत्या. बाकी अगदी माझ्या मापाचा.

*

डिनरला लिन आले नाहीत. पोट बिघडलंय, असं चेन माझ्याकडे न बघता म्हणाला. वर्षभर साइटवर अपघात झाला नाही, म्हणून लिन यांना ढाल मिळायची होती. त्यांचं नाव पुकारलं, तेव्हा मीच उठून ती घेतली. मग भाषण केलं. साहेबांनी पहिल्यांदाच माझं आडनाव बरोबर उच्चारलं!

ढाल दिली आणि कोट परत केला, तेव्हा लिन यांनी आधी कोट उलगडून पाहिला, मग ढाल. वहीत लिहिलं, ‘माझ्या टीचरचं अटायर उत्तम होतं.’ मी खाली बरोबरची खूण केली.

तीन महिन्यांनी बायको आणि मुलगी विमानातून उतरल्या. मुलीने मला ओळखलं नाही, तो किस्सा निराळा.

*

बऱ्याच वर्षांनी चेन कामासाठी मुंबईत आला, तो पुण्याला आमच्याकडे जेवायला आला. बायको वाढत होती. मी विचारलं, "मिस्टर लिन यांचे भाऊ कसे आहेत?"

"कुठले भाऊ?"

"ज्यांचा तो कोट होता."

चेनने चमचा खाली ठेवला. बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मी खात्रीसाठी पुन्हा विचारलं.

"टीचर, मिस्टर लिनना भाऊ नाही. नुसत्या चार बहिणी!"